नव्याने बांधलेले इंजिन आणि त्याचे पहिले वंगण



कामगार संघटनेचा माणूस बोलणार म्हटल्यावर आपण बोनस, महागाईभत्ता आणि संप ऐकायची तयारी ठेवून आला असाल. चिटणीसांनी विषय विचारला तेव्हा आम्ही ‘वंगण’ असे एका शब्दात कळवले. त्यांना तो टेबलाखालच्या वंगणाचा विषय वाटला असावा. तोही विषय मोठा आहे, पण त्यावर बोलण्यास आमच्यापेक्षा अधिकारी माणसे या गावात पुष्कळ आहेत. आम्ही बोलणार आहोत ते खऱ्याखुऱ्या तेलाविषयी. आणि त्यातही एवढ्याचविषयी, की खोलून पुन्हा बांधलेले इंजिन पहिल्यांदा सुरू करण्यापूर्वी त्याला तेल कसे पोचवावे आणि त्यासाठी लागणारा वेळ कोणाचा. बोनसही थोडासा येईल, पण शेवटी.

आमचे शाळेतील शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे जे काही झाले ते गॅरेजात, गावच्या वाचनालयात आणि खातेनिहाय चौकशीच्या खोल्यांत झाले. त्यामुळे सांगण्याची रीत पंडिती असणार नाही.

इंजिन धूर टाकू लागले, तेल खाऊ लागले, चढाला ओढेनासे झाले, की मिस्त्री म्हणतो, ‘इंजिन खोलावं लागेल.’ खोलल्यावर क्रँक घासून घेतात, बेअरिंगा नव्या घालतात, लायनर, पिस्टन, रिंगा बदलतात, आणि प्रत्येक भाग रॉकेलने किंवा डिझेलने धुऊन, हवा मारून स्वच्छ करतात. हे स्वच्छ करणे अगदी योग्य आहे. पण गोम इथेच आहे. रोज चालणारे इंजिन रात्रभर उभे राहिले, तरी त्याच्या बेअरिंगांत, पंपात, तेलाच्या वाटांत थोडा ओशटपणा शिल्लक असतो. सकाळी सेल्फ मारला की त्या ओशटपणावर पहिले काही फेरे निभावतात, तोवर पंपाचे ताजे तेल येऊन पोचते. धुतलेल्या इंजिनाजवळ ही पुंजी नसते. त्याचा पंप कोरडा, फिल्टर कोरडा, तेलाच्या वाटा रिकाम्या. घर नवे बांधले, नळ बसवले, पण टाकीत पाणी चढवले नाही, तसा हा प्रकार.

आता कोणी म्हणेल, खाली चेंबरात पंधरा लिटर तेल ओतले आहे, पंप फिरेल आणि ओढून घेईल. खेड्यात ज्यांचे बालपण गेले त्यांना हातपंप ठाऊक आहे. तो बरेच दिवस कोणी वापरला नाही तर कोरडा पडतो. मग दांडा कितीही हलवा, खालचे पाणी वर येत नाही. शहाणी बाई वरून तांब्याभर पाणी ओतते आणि मग दांडा मारते. इंजिनाच्या तेलपंपाची तीच तऱ्हा आहे. त्याच्या दोन दात्यांच्या चाकांत आणि घराच्या भिंतीत अगदी बारीक फट असते. ती फट तेलानेच बुजते. तेल नसेल तर पंप नुसती हवा घोटत बसतो.

आणि तेल काही क्षण उशिरा आले तर एवढे काय बिघडते? याचे उत्तर समजावे म्हणून आपल्याला १८८३ सालच्या इंग्लंडात नेतो. बोशाँ टॉवर या नावाचा एक इंजिनिअर रेल्वेच्या आसांसारख्या बेअरिंगांवर प्रयोग करीत होता. आस खालच्या बाजूने तेलात बुडालेला आणि वर पितळी बेअरिंग, अशी रचना होती. त्याने बेअरिंगच्या माथ्याला तेल घालण्यासाठी भोक पाडले. पण आस फिरू लागताच तेल आत जाण्याऐवजी त्या भोकातून उलटे वर येऊ लागले! त्याने बूच मारले, ते उडाले. लाकडी खुंटी ठोकली, तीही बाहेर ढकलली गेली. मग दाबाचे मापक लावून पाहिले. बेअरिंगवरचा भार सरासरीने चौरस इंचाला सुमारे १०० पौंड होता, आणि मापकाने २०० पौंडांहून अधिक दाब दाखवला. म्हणजे फिरणारा आस स्वतःच तेलाला आपल्या आणि बेअरिंगच्या मधल्या अरुंद जागेत ओढून नेतो, तिथे तेलाची पाचर तयार होते, आणि त्या पाचरीवर सगळा भार तरंगतो. १८८६ साली मँचेस्टरचे प्राध्यापक ऑस्बोर्न रेनॉल्ड्स यांनी याचे गणित मांडले, आणि जगातली बेअरिंगे आजही त्याच गणिताच्या आधारावर आखली जातात.

याचा अर्थ नीट ध्यानात घ्या. चालत्या इंजिनात लोखंड लोखंडावर घासत नाही. क्रँक तेलावर तरंगते. बेअरिंगच्या मऊ धातूला आणि क्रँकच्या कठीण पोलादाला एकमेकांचे तोंड दिसता कामा नये. मधला तेलाचा पापुद्रा माणसाच्या केसाच्या जाडीचा अगदी थोडा अंश भरेल एवढाच असतो. पण त्या पापुद्र्याला दोन गोष्टी लागतात: फिरण्याचा वेग आणि मुळात तेथे असलेले तेल. सुरुवातीच्या क्षणी वेग नसतोच. तेलही नसले, तर नव्या बेअरिंगचा वरचा नाजूक थर त्याच क्षणी पुसला जाऊ लागतो. इंजिन मिनिटाला सहाशे फेऱ्यांनी नुसते सावकाश चालत असले, तरी सेकंदाला दहा फेरे झाले. अर्धा मिनिट तेल पोचले नाही म्हणजे तीनशे फेरे कोरडे. त्या तीनशे फेऱ्यांत जे जाते ते पुढच्या तीन वर्षांत कितीही उंची तेल घातले तरी परत येत नाही.

आता कृती सांगतो. ही आम्ही एका जुन्या मिस्त्रीकडून शिकलो आणि नंतर पुस्तकांशी ताडून पाहिली.

प्रथम सिलिंडर. घासून काढलेल्या सिलिंडरच्या भिंतीत सहाणेच्या दगडाची बारीक भुकटी रुतून राहते. ती नुसत्या रॉकेलने निघत नाही, उलट अधिकच रुतते. गरम पाणी, साबण आणि ब्रश, मग कोरडे करून लगेच तेलाचा हात; आणि पांढऱ्या फडक्याने पुसले असता फडक्यावर करडा डाग उमटेनासा होईपर्यंत हे करीत राहायचे. पुष्कळ जण हे टाळतात. त्यांच्या इंजिनात तेलाबरोबर सहाणही फिरत राहते.

जोडणीच्या वेळी प्रत्येक बेअरिंगला जोडणीचे दाट तेल लावायचे, कारण पातळ तेल ओघळून जाते. कॅमशाफ्टच्या उंचवट्यांना आणि टॅपेटांना त्यासाठीची काळी पेस्ट लावायची. कॅम आणि टॅपेट एकमेकांना अगदी बारीक रेघेवर टेकतात, सगळा जोर त्या रेघेवर येतो, म्हणून तेथे साधे तेल पुरत नाही. पिस्टन-रिंगांना मात्र हात आखडता. साधे इंजिन-तेल लावले की पुरे. तेलपंप उघडून त्यात तेल भरायचे किंवा चाकांच्या दात्यांत व्हॅसलिन भरायचे. व्हॅसलिन तेलात विरघळून जाते. ग्रीस भरू नये. ग्रीसचा गोळा पुढे फिल्टरात किंवा बारीक वाटेत अडकला, की ज्या बेअरिंगसाठी एवढा खटाटोप केला तिचाच घास तोडला जातो.

मग फिल्टर तेलाने भरून बसवायचा, चेंबरात माप पाहून तेल ओतायचे, आणि शेवटचे काम, जे घाईत वगळले जाते: इंजिन सुरू न करता तेलाच्या वाटा भरणे. तेलदाबाचा स्विच जिथे बसतो ते भोक थेट तेलाच्या मुख्य वाटेत उघडते. तेथे नळी जोडून, टाकीतले तेल हवेच्या दाबाने आत सोडायचे. एक जण क्रँक हाताने हळूहळू फिरवीत राहतो, म्हणजे क्रँकच्या पोटातली भोके एकामागून एक बेअरिंगांच्या वाटांसमोर येतात. वरचे झाकण उघडे ठेवायचे आणि रॉकरांकडे पाहत बसायचे. पहिल्या सिलिंडरच्या रॉकरवर तेलाचा थेंब फुगतो, मग दुसऱ्याच्या, मग तिसऱ्याच्या. शेवटचा रॉकर ओला झाला की समजावे, तेल घरोघर पोचले. टाकीची सोय नसेल तर डिझेलचा पुरवठा बंद ठेवून नुसत्या सेल्फने इंजिन फिरवायचे, शक्यतो इंजेक्टर काढून, म्हणजे दाब न धरता ते हलके फिरते. एका वेळी पंधरा-वीस सेकंद. मग सेल्फला विसावा. आणि दाबाचा काटा उठेपर्यंत पुन्हा. टर्बो असेल तर त्याच्या तेलाच्या तोंडात चमचाभर तेल घालून चाक बोटाने फिरवायचे. तो मिनिटाला लाखभर फेरे घेणारा प्राणी आहे, त्याला उपाशी ठेवून चालत नाही.

जहाजावरच्या मोठ्या इंजिनाबाबत हा प्रश्न कोणी विचारतसुद्धा नाही. तिथे आधी वेगळ्या पंपाने तेल चढवतात, सिलिंडरांचे कॉक उघडे ठेवून इंजिन सावकाश वळवून पाहतात, आणि मगच सुरू करतात. मुंबईहून सुटणाऱ्या जुन्या आगबोटींवर आगवाला आणि कोयलावाला यांच्याबरोबर ‘तेलवाला’ हा स्वतंत्र हुद्दाच होता. तेल घालणे हे काम आहे, त्याला माणूस लागतो आणि त्या माणसाला पगार लागतो, एवढे त्या काळच्या साम्राज्यवादी कंपन्यांनाही कळत होते. एलायजा मॅकॉय या गृहस्थाचे नाव आपल्यापैकी थोड्यांनीच ऐकले असेल. त्याचे आईबाप अमेरिकेतल्या गुलामगिरीतून कॅनडात पळून गेलेले. हा स्कॉटलंडात इंजिनिअरिंग शिकून आला, पण काळा म्हणून मिशिगनच्या रेल्वेत त्याला काम मिळाले ते कोळसा टाकण्याचे आणि तेल घालण्याचे. गाडी थांबवून तेल घालावे लागते हे रोज पाहणाऱ्या या माणसाने चालत्या इंजिनाला आपोआप तेल देणारे पात्र तयार केले आणि १८७२ साली त्याचे पेटंट घेतले. तेल घालणाऱ्याला यंत्र कळत नाही असे ज्यांना वाटते, त्यांच्यासाठी हे सांगितले.

आता मुख्य गोष्टीकडे येतो.

२००३ सालची हकीकत. एका जिल्ह्याच्या गावी वाहन-दुरुस्तीचा मोठा कारखाना आहे. नाव घेत नाही. तिथल्या एका फिटरवर आरोपपत्र आले. सव्वीस वर्षे नोकरी, एकही ठपका नाही. त्याने बांधलेले सहा सिलिंडरचे डिझेल इंजिन गाडीत बसवून सुरू केल्यावर चार मिनिटांत जाम झाले. ‘बेअरिंगची फट न तपासता निष्काळजीपणाने जोडणी केली’ असा आरोप, आणि शिक्षा म्हणून बडतर्फी का करू नये अशी विचारणा. त्याच्या घरी लग्नाची मुलगी आणि अंथरुणाला खिळलेली आई. संघटनेतर्फे बचाव प्रतिनिधी म्हणून आम्ही उभे राहिलो.

आम्ही पहिली मागणी केली ती कागदांची नव्हे. जळालेल्या बेअरिंगा पाहू द्या, अशी. त्या भांडारात पोत्यात होत्या. टेबलावर वर्तमानपत्र पसरून ओळीने मांडल्या. फट चुकलेली असती तर एखाददुसरी बेअरिंग गेली असती, बाकीच्या शाबूत असत्या. कचरा राहिलेला असता तर खोल ओरखडे दिसले असते. इथे सातही मेन बेअरिंगा आणि सहाही कनेक्टिंग रॉडांच्या बेअरिंगा कमी-अधिक, पण साऱ्याच पुसल्या गेलेल्या. कॅमच्या बुशांचीही तीच गत. मग आम्ही फिल्टर कापायला लावला. आतला कागद कोरडा होता. चार मिनिटे, म्हणजे चोवीसशेच्या आसपास फेरे इंजिन चालले आणि फिल्टरपर्यंत तेलाचा थेंब आला नव्हता!

चौकशी अधिकारी म्हणाले, ‘म्हणजे पंप नादुरुस्त होता असं तुमचं म्हणणं?’

आम्ही म्हणालो, ‘नाही साहेब. पंप चांगला आहे. मागवून घ्या.’

पंप आला. पुसून कोरडा केला, त्याची नळी तेलाच्या बादलीत सोडली आणि हाताने फिरवला. काही नाही. मग त्यात दोन चमचे तेल ओतून पुन्हा फिरवला, तो तोंडातून तेल आले आणि साहेबांच्या कागदांवर सांडले. त्या डागाचे कागद आजही फाइलीत आहेत.

‘मग हे तेल कोणी घालायचं होतं?’ साहेबांनी विचारले.

‘तेच आम्ही कार्डावर शोधतो आहोत,’ आम्ही म्हणालो.

कामाच्या कार्डावर जोडणीचे तास होते, गाडीत बसवण्याचे तास होते, सुरू करून पाहण्याची मिनिटे होती. पंप आणि वाटा तेलाने भरण्याचा रकानाच नव्हता. इंजिन मार्चमध्ये बांधून झाले आणि त्यानंतर सात आठवडे, ऐन उन्हाळ्यात, भांडारात पडून होते. जोडणीच्या वेळी लावलेले तेल तोवर ओघळून गेले. मे महिन्यात दुसऱ्याच पाळीने ते गाडीत बसवले आणि सरळ सेल्फ मारला. काटा उठला नाही, तेव्हा ‘गेज बिघडलं असेल’ असे म्हणून इंजिन चालू ठेवले. गाडी संध्याकाळी मार्गावर हवी होती. इंजिन बनवणाऱ्या कंपनीच्या पुस्तकात सुरू करण्यापूर्वी तेल भरण्याविषयी स्पष्ट परिच्छेद होता. पण पुस्तक इंग्रजी, आणि तेही कार्यालयाच्या कपाटात कुलपाखाली. तो परिच्छेद आम्ही शब्दकोश घेऊन मराठीत उतरवला आणि चौकशीत दाखल केला. आरोप सिद्ध होत नाही असा निष्कर्ष निघाला. फिटर कामावर परतला आणि पुढे रीतसर निवृत्त झाला.

पण आमचे भांडण तेव्हा सुरू झाले. पुढच्या वेतनकरारात आम्ही मागणी घातली: प्रत्येक बांधलेल्या इंजिनाला पहिल्या तेलासाठी चाळीस मिनिटे कार्डावर लिहा. व्यवस्थापनाने विचारले, ‘या चाळीस मिनिटांत उत्पादन काय?’ प्रश्न त्यांच्या दृष्टीने रास्त होता. इंजिन उभेच असते, एक माणूस क्रँक फिरवतो, दुसरा रॉकरांकडे बघत बसतो. घड्याळ घेऊन उभ्या राहिलेल्या माणसाला ती आळशांची जोडी वाटली तर नवल नाही. १९६६ साली ब्रिटिश सरकारने पीटर जोस्ट यांच्याकडून एक अहवाल करवून घेतला होता. घर्षण, झीज आणि वंगण यांकडे नीट लक्ष दिले तर त्या देशाच्या उद्योगांचे वर्षाला सुमारे ५१ कोटी ५० लाख पौंड वाचतील, असा त्यात अंदाज होता. आम्ही तो आकडा बैठकीत सांगितला. व्यवस्थापक म्हणाले, ‘ते इंग्लंड.’ मग आम्ही आपल्याच भांडारातल्या मोडक्या क्रँका मोजून यादी दिली. तिचा परिणाम अधिक झाला. तरी रकाना छापून यायला दोन वर्षे गेली.

आमच्याच लोकांविषयीही सांगितले पाहिजे. रकाना आल्यावर काही सभासदांनी चाळीस मिनिटे चहाला वापरली आणि कार्डावर सही ठोकली. हे आम्हांला कळले तेव्हा आम्ही सभेत नावे घेऊन बोललो. भांडून मिळवलेला वेळ कामात घालवला नाही, तर पुढच्या कराराच्या टेबलावर आमच्या बोलण्याला काडीची किंमत राहत नाही. दोघेजण त्या दिवशी संघटना सोडून गेले. त्यांतला एक परत आला. आणि बोनसविषयी सांगतो म्हटले होते ते असे, की त्या वर्षी उत्पादकता-बोनसच्या हिशेबात जाम झालेली इंजिने आमच्या बाजूला लावू नयेत ही मागणीही मान्य झाली, कारण ती का जाम होतात हे आता कागदावर होते.

आता विजेच्या बसगाड्या येत आहेत. त्यांना क्रँक नाही की चेंबर नाही. पण शेतावरची इंजिने, ट्रॅक्टर, मालमोटारी आणि आपल्या दारातल्या मोटारी अजून तेलावरच तरंगतात. म्हणून शेवटी आपल्या उपयोगाचे चार शब्द. इंजिन बांधायला दिले, तर पहिल्यांदा सुरू करताना स्वतः हजर राहा. मिस्त्रीला आधी विचारा, ‘दादा, तेल वर चढवलंत का?’ तो वरचे झाकण उघडून ओले रॉकर दाखवील तर निश्चिंत व्हा. शेतावरच्या हँडलच्या इंजिनात झडपा उचलून धरून, डिझेल बंद ठेवून, तेलदाबाची खूण वर येईपर्यंत हँडल फिरवायला सांगा. दमेल तो, तर चार हात आपणही मारा. सुरू झाल्यावर सगळ्यांनी आवाजाकडे कान न देता काट्याकडे बघायचे. काही सेकंदांत काटा उठला नाही तर इंजिन बंद. गेजला दोष देण्याआधी बंद. फिल्टर भरल्यामुळे तेलाची पातळी उतरते, ती काडीने पुन्हा पाहायची. आणि हे पहिले तेल लवकर बदलायचे, कारण नव्या रिंगांची आणि सिलिंडरांची पहिली झीज त्यातच उतरते. पांढऱ्या ताटलीत ओतून उन्हात धरलेत तर ती चमकताना दिसेल.

या सगळ्याला मिस्त्रीचा अर्धापाऊण तास जातो. बिलात तो दिसत नाही, म्हणून आपण तो देत नाही, आणि म्हणून तो करत नाही. बिलावर तशी एक ओळ लिहायला सांगा आणि तिचे पैसे मोजा.

अध्यक्षांची परवानगी असेल तर आता आपल्या शंकांना उत्तरे देतो. मागे दोन-तीन मिस्त्री मंडळी बसलेली दिसतात; त्यांनी प्रथम विचारावे.